आईची स्टेरॉईडची गोळी, मेडिकलमधली पेनकिलर आणि भावाची ट्यूब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई ५६ वर्षांच्या, सोलापुरात विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहतात, वर्षानुवर्षं विड्या वळतात. दोन महिन्यांपूर्वी र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात, तो निघाला. डॉक्टरांनी रोज सकाळी प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉईड) १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड सुरू केलं. शुगर आणि बीपीच्या गोळ्या आधीपासून आहेत. बोटं जास्त ठणकली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅक येते. आता चेहरा सुजल्यासारखा दिसतोय. शेजारच्या बायका म्हणतात, ‘स्टेरॉईड आहे ते, हाडं भुसभुशीत होतील, किडनी जाईल, आजच बंद कर.’ मावशींनी गावाकडून वातावरची पुडी आणून दिलीय. आणि लूमवर (यंत्रमागावर) जाणाऱ्या धाकट्या भावाच्या जांघेतलं गजकर्ण एका ट्यूबने दोन दिवसांत बसतं आणि आठवड्यात दुप्पट होऊन परत येतं. तुम्हाला हवंय ते इतकंच, की हे औषध नेमकं काय आहे, कशाकशाबरोबर घेऊ नये, काय काय बिघडवतं आणि यातून बाहेर कसं पडायचं.

आधी कामाचं सांगतो. प्रेडनिसोलोन आज बंद करू नका. डायक्लोफेनॅक मात्र आजच थांबवा. पुडी घ्यायला सुरुवात झाली नसेल तर होऊ देऊ नका. झाली असेल तर पुढे त्याबद्दल लिहिलंय ते नीट वाचा.

स्टेरॉईड ही बाहेरून आलेली परकी वस्तू नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर ॲड्रीनल नावाच्या लहानशा ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसोल तयार करतात. निरोगी माणसाला रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल लागतं. प्रेडनिसोलोनच्या हिशेबात ते ४-५ मिलिग्रॅम होतं. पहाटे ते सर्वांत जास्त असतं, मध्यरात्री सर्वांत कमी. ताप, अपघात, ऑपरेशन, जुलाब असं काही झालं की शरीर ते कैक पटीने वाढवतं. रक्तदाब टिकून राहतो, साखर एकदम खाली जात नाही, त्यामागे हेच. गोळीतलं औषध म्हणजे याच कॉर्टिसोलचा थोडा बदललेला, जास्त ताकदीचा भाऊबंद.

पेशीच्या आत त्याचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे औषधाला धरून घेणारा रेणू) असतो. औषध त्याला चिकटलं की तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि सूज पेटवणारी रसायनं बनवण्याचे हुकूमच दाबून टाकतो. हे काम जनुकांच्या पातळीवर होत असल्यामुळे परिणाम दिसायला काही तास जातात. दम्याच्या झटक्यात शिरेतून इंजेक्शन दिलं तरी पूर्ण उतार पडायला वेळ लागतो, तो यामुळे. पण हाच ग्राहक यकृतात आहे, हाडात आहे, स्नायूत आहे, डोळ्यात आहे, मेंदूतही आहे. सांध्याची सूज उतरवणारं औषध यकृताला साखर वाढवायला सांगतं, ते त्याच दारातून आत शिरून. म्हणून ‘साईड इफेक्ट नसलेलं स्टेरॉईड द्या’ ही मागणी आजवर कुठल्याच कंपनीला पुरी करता आलेली नाही. हातात राहतं ते डोस आणि दिवस कमी ठेवणं.

या घराण्यातलं औषध सूज उतरवायला पहिल्यांदा वापरलं गेलं ते तुमच्या आईंच्याच आजारावर, हे सांगायला हवं. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेऊश राइखश्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत गोल चेहरे, मोडलेली हाडं आणि बिघडलेली मनंही दिसू लागली. मग डॉक्टर शहाणे झाले. आता आमवातात स्टेरॉईड हे मुख्य औषध नसतं. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, पण त्याचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर बोटं वाकडी होऊ नयेत, बाईला आपला चहा आपल्या हाताने करता यावा, म्हणून मध्ये थोडं स्टेरॉईड. तुमच्या आईंचे दोन महिने झालेत. म्हणजे ‘आता हे कमी कधी करायचं?’ असं डॉक्टरांना विचारायची वेळ आलीच आहे. विचारा, त्यांना वाईट वाटणार नाही. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ते चुकून रोज घेतलं तर जीवावर बेततं. वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आता ताकदीचा हिशेब, कारण गोळी लहान दिसते म्हणून औषध हलकं, असा समज सर्रास आहे. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम, मेथिलप्रेडनिसोलोनचे ४, डेफ्लाझाकॉर्टचे ६, हायड्रोकॉर्टिसोनचे २० आणि डेक्सामेथासोनचे जेमतेम पाऊण मिलिग्रॅम, हे सगळं साधारण सारखंच. बेटामेथासोन डेक्साच्याच जातीचं. म्हणजे ‘वायसोलोन १०’ (प्रेडनिसोलोन) बदलून कुणी ‘मेड्रॉल ८’ (मेथिलप्रेडनिसोलोन) दिलं तर डोस तोच राहतो. पण दवाखान्यात कमरेवर टोचलेलं डेक्साचं ८ मिलिग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे एका दमात प्रेडनिसोलोनचे पन्नासेक मिलिग्रॅम! शिवाय प्रेडनिसोलोनचा परिणाम १२ ते ३६ तासांत ओसरतो, डेक्साचा ३६ ते ७२ तास रेंगाळतो, आणि तेवढा वेळ आपली ग्रंथी दबलेली राहते. रोजच्या वापराला प्रेडनिसोलोन बरं आणि डेक्सा वाईट, ते एवढ्यासाठी. तेच डेक्सा जागच्या जागी मात्र अमोल आहे. कोविडमध्ये २०२० साली इंग्लंडातल्या मोठ्या चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्साने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांना काडीचा फायदा नाही. तरीही त्या दुसऱ्या गटातल्या कितीतरी लोकांनी घरी बसून ते खाल्लं, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या राज्यात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले तेव्हा बेताल शुगर आणि स्टेरॉईड ही जोडी बहुतेकांच्या कागदावर होती.

(जिममध्ये अंग कमवायला घेतात ते स्टेरॉईड वेगळं, पुरुषी संप्रेरकांच्या घराण्यातलं. त्याचा इथे संबंध नाही.)

गोळी एकदम का सोडायची नाही, ते आता. बाहेरून तयार बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) रोज दारात येऊन पडत असेल तर कारखान्यातलं वार्पिंग, म्हणजे ते सूत गुंडाळायचं काम, कोण चालू ठेवणार? तसंच ॲड्रीनलचं होतं. मेंदूला वाटतं रक्तात पुरेसं आहे, तो हुकूम देणं थांबवतो आणि ग्रंथी आळसावते. तीन आठवड्यांच्या आत औषध संपलं तर बहुधा काही बिघडत नाही, दम्यासाठी दिलेला पाच-सात दिवसांचा कोर्स तसाच थांबवता येतो. पण ३-४ आठवड्यांच्या पुढे, रोजच्या नैसर्गिक गरजेपेक्षा जास्त डोस चालला असेल तर ग्रंथीला जाग यायला महिने लागू शकतात, कधी वर्षभरही. या काळात गोळी बंद झाली आणि वर ताप किंवा जुलाब आले, तर माणूस गळून जातो, उलट्या, पोटदुखी, चक्कर, बीपी खाली, शुगर खाली. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असताना अशा माणसाला घरचे लोक ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा हुंगवतात आणि लिंबू सरबत पाजतात. त्याला खरं लागतं ते सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅम इंजेक्शन, तेही लगेच. म्हणून आईंच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘रोज प्रेडनिसोलोन चालू आहे, अमुक तारखेपासून.’ दाताचा डॉक्टर असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन असो की रात्रीचं सिव्हिल, ते पान आधी दाखवायचं. सलग दोन वेळा उलटीतून गोळी बाहेर पडली तर उद्याची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

कमी करण्याचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. सहसा १० वरून साडेसात, मग ५, दर टप्प्याला काही आठवडे, आणि ५ च्या खाली आणखी सावकाश, महिन्याला १ मिलिग्रॅम असं. वरचे डोस झपझप उतरवता येतात, खरा वेळ खालच्या पायऱ्यांना लागतो. त्या पायऱ्यांवर अंग मोडून आल्यासारखं होतं, सांधे कुरकुरतात, मन उतरतं. तो प्रत्येक वेळी आमवात उलटलेला असतोच असं नाही. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडून राहतात का, सांधा हाताला गरम आणि फुगलेला लागतो का, ते पाहा. तसं नसेल तर आठ-दहा दिवस दम धरला की अंग सवयीला येतं.

गोळी सकाळी, नाश्ता करून. निसर्गाचं कॉर्टिसोल सकाळीच जास्त असतं, त्याच्याशी जुळतं आणि रात्रीची झोप उडत नाही. उपवासाच्या दिवशी ‘आज औषध नको’ हे या गोळीला चालत नाही; चतुर्थी असो की आषाढी, दूध-केळं खाऊन घ्यायचीच. रोजे धरणाऱ्या माझ्या रुग्णांना मी शुगर पाहून, आधी भेटून, सहरीला घ्यायला सांगतो.

औषधांच्या आपसातल्या भांडणात पहिलं नाव पेनकिलरचं. स्टेरॉईड एकट्याने जठराला फार व्रण पाडत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांतलं काही जोडीला आलं की व्रणाचा आणि रक्तस्रावाचा धोका कित्येक पटीने वाढतो. त्यात वाईट असं, की स्टेरॉईडमुळे पोटदुखी दबलेली राहते आणि पहिली खूण काळ्या डांबरासारख्या शौचाचीच दिसते. शेजारणींना वाटणारी किडनीची भीती खरी आहे, फक्त बोट चुकीच्या गोळीकडे आहे. प्रेडनिसोलोन किडनी घालवत नाही. किडनीतून प्रथिनं गळणाऱ्या लहान मुलांना तर तेच औषध म्हणून देतात. किडनी घालवते ती डायक्लोफेनॅक, आणि शुगर-बीपी असलेल्या बाईची लवकर. मेथोट्रेक्सेट किडनीवाटेच बाहेर पडतं, किडनी मंदावली की ते अंगात साठतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, शेक, आणि दुखणं रोजचं असेल तर आमवाताच्या औषधाचा डोस वाढवणं. लघवीच्या जळजळीवर मेडिकलवाला को-ट्रायमॉक्साझोल देऊ करेल, तेही मेथोट्रेक्सेटबरोबर नको. रक्तपेशी धोकादायक पातळीला उतरतात.

दुसरं, शुगर. हे बारकाईने सांगतो कारण इथे बहुतेक घरं फसतात. सकाळी आठला घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारपासून संध्याकाळपर्यंत साखर चढवतं आणि रात्रीतून ती उतरते. घरचे लोक मात्र सकाळी उपाशीपोटीची शुगर तपासतात. ती येते ११०, सगळे खूश! त्याच बाईची दुपारी चारची तपासा, २८० निघते. आईंची दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी, अशी आठवड्यातून दोन-तीन वेळा बघा आणि आकडे वहीत लिहा. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. स्टेरॉईड कमी होत जाईल तशा शुगरच्या वाढवलेल्या गोळ्याही खाली आणाव्या लागतात, विशेषतः ग्लिमेपिराइड आणि इन्शुलिन. ते राहून गेलं तर एके संध्याकाळी शुगर घसरून आई घामाघूम होऊन खाली बसतील आणि असं का झालं ते कुणाला कळणार नाही.

टीबीचं औषध रिफाम्पिसिन यकृतातली यंत्रणा इतकी वेगात आणतं की प्रेडनिसोलोन भरभर मोडून जातं आणि परिणाम जवळपास निम्म्यावर येतो. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या गोळ्यांचंही तेच. उलट दिशेने क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल ही बुरशीची औषधं ती यंत्रणा अडवतात आणि स्टेरॉईड साठतं. प्रेडनिसोलोन थोडं, मेथिलप्रेडनिसोलोन पुष्कळ जास्त. इट्राकोनाझोलचं नाव लक्षात ठेवा, कारण भावाचं गजकर्ण आईंना लागलं तर कुणीतरी तीच कॅप्सूल लिहून देईल. एचआयव्हीच्या औषधांतलं रिटोनाव्हिर तर इतकं अडवतं की नुसत्या फ्ल्युटिकासोन या स्टेरॉईडच्या दम्याच्या पंपानेसुद्धा चेहरा गोल होतो आणि ग्रंथी झोपते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि दम्याचं साल्ब्युटामॉल यांच्या जोडीने पोटॅशियम उतरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ते घातक. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) लवकर-लवकर तपासावा लागतो. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिकबरोबर टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) तुटण्याचा धोका वाढतो, साठीच्या पुढे जास्तच. आणि घरगुती म्हणून निर्धास्त घेतलं जाणारं ज्येष्ठमध. खोकल्याला एखादा तुकडा चघळला तर हरकत नाही, पण रोज काढा घेतला तर तो किडनीतलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतो, कॉर्टिसोल तिथे मीठ धरून ठेवायला लागतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. वर प्रेडनिसोलोन असेल तर दुहेरी. ‘आयुर्वेदिक आहे, चालतं’ असं मला रोज ऐकायला मिळतं. चालतं की नाही ते वनस्पती पाहून सांगता येईल, निदान नाव तरी सांगा.

काय काय बिघडवतं, यात हाडांना मी सर्वांत वर ठेवतो, कारण ती आवाज न करता जातात. मोडण्याचा धोका पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच वाढायला लागतो, ‘पुढे बघू’ म्हणायला वाव नाही. आईंचं वय, पाळी गेलेली, आमवात स्वतःच हाडं खाणारा, आणि विड्या वळायला दिवसभर घरात मांडी घालून बसणं, म्हणजे अंगावर ऊन नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम फारसं नसतं; दूध, दही, तीळ, नाचणी यांतून आणि उरलेलं गोळीतून, मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम जमवा. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर हाडांची घनता आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी, हा विषय तुम्हीच डॉक्टरांकडे काढा. जांघेत किंवा मांडीच्या वर सतत दुखू लागलं, लंगडायला झालं, तर ते आमवातावर ढकलू नका. खुब्यातल्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत ते दिसतही नाही, एमआरआय लागतो.

दुसऱ्या क्रमांकावर जंतुसंसर्ग. ताप दबतो, सूज दबते, आजार आत वाढत राहतो. १५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर चाललं तर लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो. मेथोट्रेक्सेटही जोडीला असल्याने आईंचा डोस १० असला तरी घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर आवर्जून सांगा. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या की लगेच घाबरू नका, स्टेरॉईड स्वतःच त्या वाढवतं. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) ची तपासणी सुरुवातीलाच झालेली असावी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घ्याव्यात, जिवंत जंतूंच्या लसी विचारल्याशिवाय नकोत.

बाकी बीपी, वाढलेली भूक, पातळ कातडी आणि दंडावर सहज उठणारे काळेनिळे डाग, मांडीच्या स्नायूंचा अशक्तपणा (मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, हीच तपासणी), मोतीबिंदू, काचबिंदू, चिडचिड, क्वचित भ्रम. वर्षातून एकदा डोळे दाखवा. मीठ कमी, शेंगाचटणी खा, पण पापड-लोणच्याला सुट्टी. पायावरची सूज मात्र बीपीच्या ॲम्लोडिपिनमुळेही असू शकते, सगळं स्टेरॉईडच्या माथी मारू नका.

आता चेहऱ्याबद्दल. १० मिलिग्रॅमवर दोन महिन्यांत गाल थोडे भरतात, भूकही वाढते. पण चेहरा चंद्रासारखा गोल, मानेमागे गोळा, पोटावर जांभळे ओरखडे, असं सगळं असेल तर इतक्या कमी डोसात इतक्या लवकर ते सहसा होत नाही. मग माझा पहिला प्रश्न पुडीबद्दल असतो. आईंना रागावू नका, जवळ बसून विचारा की पुडी कधीपासून घेतायत.

ती पुडी कशी असते ते सांगतो. जुन्या वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात घडी घालून दिलेली, आत करडी किंवा पिवळसर पूड. भिंगातून पाहिलं की पुडीतल्या काड्यामुळ्यांमध्ये पांढरी खडीसाखरेपेक्षा बारीक भुकटी चमकते, कधी एखाद्या गोळीचा न दळला गेलेला गुलाबी कोपराही सापडतो. काही ठिकाणी पूड नसते, पट्टी काढून टाकलेल्या दोन-तीन रंगांच्या सुट्या गोळ्या असतात. जिल्ह्याच्या चारी दिशांनी रुग्ण येतात आणि वर्णन एकच करतात: ‘डॉक्टर, त्या माणसाच्या हाताला गुण आहे, संध्याकाळपर्यंत दुखणं थांबतं, भूक लागते, अंगात तरतरी येते.’ संध्याकाळपर्यंत आमवात थांबवणारी जडीबुटी मला तरी माहीत नाही. संध्याकाळपर्यंत थांबवतं ते डेक्सा किंवा बेटा, आणि सोबत बहुधा एखादी पेनकिलर. ‘ताकदीची सुई’ म्हणून मिळते तीही बऱ्याचदा हीच. प्रेडनिसोलोनच्या पट्टीवर नाव, मिलिग्रॅम, तारीख छापलेली असते. कमी कसं करायचं याचा हिशेब मांडता येतो. पुडीचा हिशेब कुणालाच मांडता येत नाही, देणाऱ्यालासुद्धा नाही. आईंनी आठवडे-महिने पुडी घेतली असेल तर ती थांबवण्याआधी पुडीसकट डॉक्टरांकडे जा. प्रेडनिसोलोन चालू असल्याने थोडा आधार आहे, पण पुडीतला डोस मोठा असेल तर १० मिलिग्रॅमला ती पोकळी भरणार नाही.

दम्याच्या पंपालाही स्टेरॉईड म्हणून नाकारतात, त्यावर दोनच वाक्यं. पंपाच्या एका दाबात बुडेसोनाइडचे २०० मायक्रोग्रॅम असतात, आईंची एक गोळी १० हजार मायक्रोग्रॅमची आहे. सुताच्या धुळीत काम करणाऱ्या दमेकऱ्यांनी पंप घ्यावा, घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, आणि दर पावसाळ्यात गोळ्यांचे कोर्स घेणं टाळावं.

डोळ्याच्या थेंबांचं मात्र उलट आहे. ज्वारी काढताना किंवा उसाचं पाचट ओढताना पान डोळ्याला लागतं, डोळा लाल होतो, आणि घरात पडलेली अँटिबायोटिक-स्टेरॉईडची बाटली कुणीतरी घालतं. पानाबरोबर बुरशी गेलेली असते. थेंबांनी लाली उतरते आणि बुबुळ आतून विरघळत जातं. लाल डोळ्यात जुनी बाटली कधीही नको.

राहिला भाऊ. त्याच्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांतलं एक नाव असणार, आणि सोबत दोन-तीन औषधांची खिचडी: बुरशीचं, जंतूंचं, कधी जुलाबाचंसुद्धा. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉईडमधलं सर्वांत जहाल. ते खाज दोन दिवसांत थांबवतं, कारण कातडीची प्रतिकारशक्तीच बंद करतं, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. कडा पुसट होतात, चट्टा ओळखू येत नाही, मांडीभर पसरतो. जांघेची कातडी आधीच पातळ, तिथे पडणारे ओरखडे मग आयुष्यभर जात नाहीत. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण इतकं चिवट झालंय त्याचं मोठं खापर त्वचारोगतज्ज्ञ याच ट्यूबांवर फोडतात. २०१८ पासून स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. तरी तुमच्या भावाला ती मागितल्याबरोबर मिळाली, यातच काय ते आलं. तोंड गोरं करायच्या कितीतरी क्रीममध्येही हेच असतं. बहिणी-वहिनींच्या कपाटात एखादी असेल तर तिचीही अक्षरं वाचा.

भावाने ट्यूब आजच बंद करावी. इथे गोळीसारखं हळूहळू करायची सहसा गरज नसते, फक्त वर्षभर अंगभर चोपडली असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढेल. ट्यूब बरी होती असं त्या दिवसांत हमखास वाटतं, तेव्हा हात आवरायचा. सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत किंवा खासगी तज्ज्ञाकडे जाताना ट्यूब सोबत न्यावी. नुसत्या बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं आणि गरजेप्रमाणे पोटातून गोळी, बरं वाटल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण. लूमवर घट्ट जीन्सऐवजी सुती ढगळ पँट, घामाची चड्डी घरी आल्याबरोबर बदलणं, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळवणं. आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. देशाला टॉवेल पुरवणाऱ्या गावात एका घरात चौघांनी एकच टॉवेल वापरावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं. आईंचा तर आजच वेगळा करा, कारण स्टेरॉईडवर असताना ही बुरशी त्यांना लागली तर ती पसरेलही लवकर आणि तिच्यासाठी इट्राकोनाझोल लिहिण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना दोनदा विचार करावा लागेल.